शेजारच्या सीटवर रत्नाताई

रत्नाताई भगत शुद्ध मराठीत बोलू लागल्या, की आम्ही शेडमधली माणसं हातातली हत्यारं खाली ठेवायचो. एरवी त्यांची बोली आमच्यासारखीच, नाचणगावची. पण पुण्यात गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून त्यांची बरीच वर्षं गेली होती, आणि राग आला की ती पुण्याची भाषा बाहेर यायची. आवाज चढायचा नाही. उलट खाली यायचा, आणि एकेक शब्द धुऊन वाळवल्यासारखा नीट बाहेर पडायचा. "हे कोणी उघडलं, ते मला सांगा," एवढंच त्या म्हणायच्या, आणि ज्यानं उघडलं असेल तो मुकाट पुढं यायचा.

पुलगावच्या बाहेर, नाचणगावच्या अंगाला, एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. यंत्रं कधीच विकली गेली होती. उरली होती ती उंच पत्र्याची शेड आणि मागचं मोठं मैदान. अर्ध्या शेडमध्ये माझे लेथ होते. आई आजारी पडली म्हणून ताई पुणं सोडून गावी आल्या, आई गेल्यावरही परत गेल्या नाहीत, आणि उरलेली अर्धी शेड त्यांनी घेतली. पहिल्या दिवशी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. त्याखाली एक मजबूत टेबल, टेबलावर जाड काच. या काचेवर चहाचा कप ठेवायचा नाही, पेपर ठेवायचा नाही, कोपरसुद्धा टेकायचं नाही, असं त्यांनी मला हसत सांगितलं. त्या हसत होत्या म्हणून मी एकदा कप ठेवला. तेव्हा मी त्यांची पुण्याची भाषा पहिल्यांदा ऐकली.

ती काच चकत्यांसाठी होती. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध गिअरचं एक डबडं असतं, त्याला डिफरन्शियल म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. हे डबडं दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतं. अडचण अशी की एक चाक जागच्या जागी घसरायला लागलं तर साधं डबडं सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकातच वाया घालवतं. वेगाच्या गाड्यांना हे चालत नाही. म्हणून त्यांच्या डबड्यात पातळ पोलादी चकत्यांची थप्पी असते. चकत्या एकमेकींना दाबून धरतात आणि कुठल्याही एका चाकाला फार मोकाट सुटू देत नाहीत. याला लिमिटेड स्लिप म्हणतात. चकत्या झिजल्या तर गाडी ताकद टाकत नाही. चिकटल्या तर नीट वळत नाही. आणि आत काही तुटून अडकलं, तर पुढचं सगळं माणसाच्या हातातून जातं. रत्नाताईंचं काम या चकत्यांचं. काचेवर ठेवलेली चकती जराशी वाकलेली असली तरी त्यांना कडेनं फट दिसायची.

अशा गाड्या आमच्या भागात कुठून येणार, असं मला वाटायचं. पण नागपूरहून समृद्धी महामार्गावरून त्या येऊ लागल्या. बुटक्या, रुंद, दोनच माणसांच्या. मालक आला की ताई त्याला चहा न विचारता मैदानात न्यायच्या आणि गाडी अगदी हळू, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळवायला लावायच्या. स्वतः मागच्या चाकाच्या बाजूनं चालायच्या. अंगात निळा शर्ट, सलवार, केसांना घट्ट रुमाल, एक हात पाठीमागे. गाडीकडं बघायच्या नाहीत, मान खाली घालून नुसतं ऐकायच्या. आतून कुरकुर येते का, टक टक येते का, कुठल्या बाजूला वळताना येते. मग डबड्यातलं थोडं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरायच्या. त्यात लोखंडाचा कीस चमकला तर मालकाला शेडमध्ये बोलवायच्या आणि चहा सांगायच्या. चहा आला की समजायचं, काम मोठं आहे.

नागपूरचे एक हृदयरोगाचे डॉक्टर लिंबासारख्या पिवळ्या गाडीतून यायचे. त्यांच्या चकत्या दुसरीकडं एकदा बदलून झाल्या होत्या आणि पुन्हा जळाल्या होत्या. डॉक्टरांना संध्याकाळी परत जायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. ताई म्हणाल्या, "घाई असन तर बस पकडा डॉक्टरसाहेब. गाडी राहू द्या." मग त्यांनी शिवणकामाची टेप आणली आणि मागच्या दोन्ही टायरांचा घेर मोजला. एक टायर पंक्चरनंतर नवा टाकलेला, दुसरा जुनाच. घेरात बोटभर फरक. त्यामुळं दोन चाकं सरळ रस्त्यावरसुद्धा वेगवेगळ्या गतीनं फिरत होती आणि डॉक्टर मुंबईला निघाले की चकत्या थेट मुंबईपर्यंत घासत जात होत्या. "तुमची गाडी सरळ रस्त्यावरही वळण घेऊन राह्यली होती," ताई म्हणाल्या. डॉक्टर खूप हसले. त्या दिवसापासून ते गाडीला काही झालेलं नसतानाही यायचे.

पण माझ्या मनात ज्या रत्नाताई राहिल्या, त्या या हसण्याच्या दिवसांतल्या नाहीत.

रोहणा गावचा सागर म्हणून एक पोरगा होता. घरी संत्र्याची बाग, वडील शंकरराव, बोलायला कमी आणि करारी. सागरला शर्यतीचं वेड. त्यानं बाहेरून आलेली एक जुनी, मागच्या चाकांवर चालणारी दोन दारांची गाडी मिळवली होती आणि ती पार उघडून शर्यतीसाठी पुन्हा बांधली होती. तिचं डिफरन्शियल ताईंनी केलं. जवळजवळ सगळ्या चकत्या नव्या टाकल्या. एक मात्र जुनी ठेवली, स्प्रिंगसारखा दाब देणारी, कारण ती चांगल्या स्थितीत होती. तिच्यावर केसासारखी एक रेघ होती. ताईंनी ती काचेवर ठेवून पाहिली, उन्हात नेऊन पाहिली, आणि परत थप्पीत घातली.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डोंगरी शर्यतीत, उतारावरच्या वळणाला, सागरच्या गाडीची मागची चाकं एकाएकी जाम झाली. गाडी गर्रकन फिरली आणि झाडांत शिरली. सागरचा जीव वाचला, पण डाव्या पायाचा घोटा चिरडला गेला. शर्यतवाले म्हणाले, पोरगा वेगात होता. सोबतचे म्हणाले, पोरगा वेगात होता. शुद्धीवर आल्यावर सागर स्वतःही तेच म्हणू लागला. मी ब्रेक उशिरा मारला, माझंच चुकलं.

गाडी ट्रकवर घालून शेडमध्ये आणली. ताईंनी डबडं एकटीनं उघडलं. मी लेथवर होतो. बराच वेळ त्यांच्या बाजूनं काहीच आवाज आला नाही, म्हणून मी पाहायला गेलो. त्या काचेसमोर बसल्या होत्या. काचेवर त्या एका चकतीचे दोन तुकडे. तुटलेल्या कडेचा काही भाग नवा, चकचकीत होता आणि काही भाग काळपट. काळा भाग म्हणजे आधीची चीर, तेल मुरलेली. गाडी शर्यतीला गेली तेव्हा ती चीर होतीच.

"मी पाह्यली होती," त्या म्हणाल्या. "मले ओरखडा वाटला."

मी म्हणालो, ताई, हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी ते कोणत्या अर्थानं म्हणालो, मलाच माहीत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते दोन तुकडे त्यांनी फडक्यात गुंडाळले आणि विचारलं, वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन सोडाल का.

दवाखान्यात सागर खाटेवर होता, पाय वर बांधलेला. शंकरराव खिडकीशी बसले होते. ताई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी फडकं उघडलं आणि काय झालं ते सांगितलं. रेघ दिसली होती, मी तिला ओरखडा समजले, ती चीर होती, तिथून चकती तुटली, तुकडा गिअरमध्ये गेला आणि चाकं जाम झाली. ना रडल्या, ना माफी मागितली. माफीचा शब्द त्यांच्या तोंडातून आला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. आता वाटत नाही.

शंकररावांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "हे तुम्ही काऊन सांगून राह्यल्या? कोणी विचारलं होतं तुमाले?"

"सागर म्हणते, त्याचं चुकलं. त्याचं नाई चुकलं."

शंकरराव उठून त्यांच्या समोर येऊन उभे राहिले. मी एक पाऊल पुढं झालो, कारण त्यांचा हात उठेल असं मला वाटलं. हात उठला नाही. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मी काई बोलाच्या आधी जा."

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा सागरनं हाक मारली. त्याला ते तुकडे पाहायचे होते. ताई परत गेल्या, त्याच्या हातात दिले. तुटलेल्या कडेवरून तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. "म्हणजे ब्रेक टायमावर मारला होता मी," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर ताईंनी काम बंद केलं. आलेल्या गाड्या परत पाठवल्या. डॉक्टरांनी फोन करून पाहिले, स्वतः येऊनही गेले. ताई रोज शेडमध्ये मात्र यायच्या. टेबलावरची काच पुसायच्या, खुर्चीत बसायच्या, दुपारी घरी जायच्या. माझ्या लेथचा आवाज चालू असला की बरं वाटतं, असं एकदा म्हणाल्या. काम नसलं तरी मी काहीतरी लावून ठेवायचो.

असं सगळं वर्ष गेलं. मग एक दिवस सागर आला, डाव्या पायानं जरा लंगडत. त्याला ती गाडी परत उभी करायची होती आणि डिफरन्शियल ताईंनीच करावं असं त्याचं म्हणणं होतं. "मी ते काम आता करत नाही," ताई म्हणाल्या. पुण्याच्या भाषेत. सागर गेला, पण परत आला. येत राहिला. ताईंशी बोलायचा नाही, माझ्या लेथजवळच्या बाकड्यावर बसायचा. शेवटी एकदा उठून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही नाही केलं तर मी दुसरीकडून करून घेईन, पण शर्यत सोडणार नाही. कुठून करून घेणार तेही त्यानं सांगितलं. ताईंना ती जागा माहीत होती. तिथं चकत्या नुसत्या पुसून परत घालतात, हेही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी शेड उघडायला गेलो तर त्या आधीच येऊन बसल्या होत्या आणि ते जुनं डबडं काचेशेजारी उघडं होतं.

या वेळी त्यांनी एकही जुनी चकती ठेवली नाही. साधे नटबोल्टसुद्धा नवे. जोडायच्या, उघडायच्या, परत जोडायच्या. मी विचारलं, आता कशाला उघडलं, तर म्हणायच्या, "मले आठवत नाई, मी ते पुसलं होतं काय." त्यांना सगळं आठवायचं. झोप मात्र लागत नव्हती, ते डोळ्यांवरून दिसायचं.

गाडी तयार झाली त्या दिवशी शंकरराव आले. दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच ताईंसमोर उभे होते. खांद्यावर दुपट्टा, पायात धुळीनं भरलेल्या चपला. आत आले नाहीत, दारातूनच बोलले. "पोट्टं ऐकून नाई राह्यलं. मी त्याले बांधून तर ठेवू शकत नाई." मग म्हणाले, "तो पह्यल्यांदा त्या गाडीत बसन, तवा बाजूले तुम्ही बसान काय?"

"बसतो," ताई म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही असंच म्हणतात.

शंकररावांनी त्यांना नीट पाहून घेतलं. "मंग मी बी येतो पाह्यले," ते म्हणाले आणि गेले.

हिंगणीच्या बाजूला एक बंद पडलेली गिट्टीखदान, म्हणजे खडीची खाण, आहे. मालक सागरच्या ओळखीचा, त्यानं परवानगी दिली. वरती सपाट माळ, त्यावरून मुरमाचा रस्ता फिरतो, मग एका चढावरून पलीकडं उतरतो. उतार सरळ आहे, आणि तळाशी डावीकडं एकदम वळण. वळलं नाही तर समोर खदान. काठाला कठडा नाही, खाली हिरवं पाणी. सागरला तोच उतार हवा होता, कारण मागच्या वेळी त्याची गाडी उतारावरच फिरली होती. ताईंनी सागरला ट्रकवरून गाडी उतरवायला सांगून मला सोबत घेतलं आणि तो सगळा रस्ता पायी पाहिला. उताराच्या उजव्या बाजूला दगडाच्या चुरीचा मोठा ढीग पडून होता, पिठासारखा मऊ. ताईंनी त्यात पाय घातला, तो गुडघ्यापर्यंत गेला. त्यांनी सलवार झटकली आणि पुढं चालू लागल्या.

मे महिना होता. सकाळीच दगड तापले होते. ताई हेल्मेट घालून शेजारच्या सीटवर बसल्या, पट्टे सागरकडून दोनदा ओढून घेतले. फोन चालू ठेवून समोर अडकवला. माझा फोन आमच्या जीपच्या बॉनेटवर, स्पीकर लावून. मी आणि शंकरराव चढावर उभे होतो, तिथून माळही दिसायचा आणि उतारही.

पहिली फेरी हळू झाली. उतारावरून गाडी खाली गेली, वळली, वर आली. फोनमधून इंजिनाचा आवाज, त्यात गाडीच्या पोटावर दगड आपटल्याचा टण टण आवाज. ताई म्हणाल्या, ठीक आहे, आता थोडी वाढव. पुढची फेरी जोरात झाली. शंकरराव पुतळ्यासारखे उभे होते. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा मुरमाचे खडे आमच्या पायांपर्यंत उडाले. ताईंनी अजून वाढवायला सांगितलं.

गाडी चढ चढून आली, आमच्यासमोरून उताराला लागली, आणि फोनमध्ये ताईंचा आवाज आला. "सागर, वास येऊन राह्यला. तेल जळून राह्यलं."

त्याच क्षणी गाडीची मागची बाजू एकदा उडाल्यासारखी झाली आणि तिरकी होऊन परत सरळ झाली. मागून पातळ निळा धूर निघत होता.

"ताई, मागून धरून राह्यली. वळवली तर वळत नाई." सागरचा आवाज बदलला होता. "ब्रेक मारतो."

"नको."

मला वाटलं आता पुण्याची भाषा येणार. पण ताई इतक्या हळू बोलत होत्या, जसं कोणी लेकराला झोपवताना बोलतं. "जोरात नको मारू, फिरन ते. हलका पाय ठेव. हलका. चाक सरळ."

"ताई, पुढं खदान आहे."

"मले दिसते. उजवीकडं चुरीचा ढीग आहे. दिसला?"

गाडी पुन्हा तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली. शंकररावांनी माझं मनगट पकडलं. त्यांची नखं रुतलेली मला नंतर घरी गेल्यावर दिसली.

"सागर, ढीग दिसला काय?"

"दिसला."

"त्याच्यात घाल. सगळी घाल. लाजू नको."

गाडीनं हळूच उजवीकडं तोंड केलं आणि ती ढिगात शिरली. पांढऱ्या धुळीचा लोट उठला. फोनमधून कापड फाटल्यासारखा एक लांब आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. आम्ही दोघं पळत सुटलो. शंकररावांची एक चप्पल मागं राहिली, ते तसेच तापलेल्या मुरमावरून पळत होते आणि सागरचं नाव घेत होते, पण मोठ्यानं नाही, स्वतःशी बोलल्यासारखं.

धूळ विरळ झाली तेव्हा गाडी अर्धी ढिगात होती, मागची बाजू उघडी. ताईंच्या बाजूचं दार चुरीनं दाबलं गेलं होतं. आधी सागर बाहेर आला, मग त्याच्याच दारानं ताई. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. त्या एका दगडावर बसल्या आणि हेल्मेटचा पट्टा काढू लागल्या, पण त्यांना तो निघेना. सागरनं काढून दिला. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

थोड्या वेळानं ताई उठल्या आणि गाडीच्या मागं जाऊन खाली वाकल्या. आडवं पडल्याशिवाय काही दिसणार नव्हतं, आणि जमीन तव्यासारखी तापली होती. तेव्हा शंकररावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, आणि गाडीच्या मागं जमिनीवर अंथरला. दोन्ही टोकं नीट ओढून सरळ केली. ताईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि त्या त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकल्या.

डबड्याच्या तळाला दगड लागून तडा गेला होता. तेल सगळं सांडलं होतं आणि चकत्या कोरड्या घासत होत्या. तिथं खालून एक जाड लोखंडी पत्रा असतो, आतून रबर लावलेला, दगडांपासून वाचवायला. तो नव्हता. ताई बाहेर आल्या आणि उठून बसल्या.

सागरच म्हणाला, "खालचा पत्रा मी काल काढला, ताई. गाडी हलकी व्हावी म्हणून." मग वडिलांकडं न पाहता म्हणाला, "तुम्ही दवाखान्यात येऊन सांगितलं होतं. म्हणून मी बी सांगून राह्यलो."

"आज सकाळी मी गाडीखाली गेले नाही," ताई म्हणाल्या. प्रत्येक शब्द वेगळा. "जायला हवं होतं. निघताना शेवटचं पाहणं माझं काम होतं. पत्रा तू काढलास, आणि मी तुला तसंच उतारावर नेलं. हे आपलं दोघांचं आहे, सागर."

शंकरराव दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "पानी प्या आधी."

परत येताना ताई माझ्या जीपमध्ये होत्या. सेलू मागं पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ, पह्यल्या फेरीत गाडीले दगड लागल्याचा आवाज आला होता काय?" मी म्हणालो, आला होता, टण टण, फोनवरसुद्धा. त्यांनी परत विचारलं, नक्की टण टण? मी नक्की म्हणालो. पत्रा असता तर दगडाचा आवाज दबका, ठप ठप आला असता. उघड्या डबड्यावर तो टणटणीत येतो. हे त्यांनी मला बऱ्याच वेळानं, वर्धा आल्यावर सांगितलं. त्यांना त्यातला एकही ऐकू आला नव्हता.

पिवळ्या गाडीच्या डॉक्टरांनी नागपुरात कानाच्या डॉक्टरांकडं सोय करून दिली. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचे आवाज बरेचसे गेले होते आणि पुढं आणखी जाणार होते. ताईंनी ते ऐकून घेतलं आणि परत येऊन नेहमीसारखा शेडमध्ये चहा सांगितला. यंत्र लावून बोलणं ऐकू येईल, त्या म्हणाल्या, पण चकतीची कुरकुर ऐकू येणार नाही. म्हणून नवी गाडी घ्यायची नाही.

सागरची गाडी मात्र त्यांनी पूर्ण केली. हात सागरचे, शेजारी उभ्या त्या. तो चकती काचेवर ठेवायचा, त्या म्हणायच्या, परत बघ. मैदानात मला गाडी फिरवायला लावून चाकाशेजारून सागर चालायचा आणि काय ऐकलं ते त्यांना सांगायचा. सुरुवातीला तो अंदाजानं सांगायचा आणि त्या त्याला परत पाठवायच्या. पुढं त्याचा कान बसला. पुढच्या मोसमात तो शर्यतीत उतरला, कितवा आला ते कोणी फारसं विचारलं नाही. गाडी गेली तशी परत आली. शंकरराव सोबत गेले होते. येताना त्यांनी ताईंच्या घरी संत्र्यांची करंडी उतरवली आणि न बसता निघून गेले.

त्या हिवाळ्यात ताईंनी पुण्याला बहिणीकडं राहायला जायचं ठरवलं. काच आणि हत्यारं सागरकडं राहिली. जायच्या आदल्या दिवशी त्या शेडमध्ये आल्या. सागर गाडी पुसत होता. ताईंनी हात पुढं केला आणि किल्ली मागितली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी त्यांना अशी गाडी स्वतः चालवताना पाहिलंच नव्हतं. शेडमध्ये त्या स्कूटरवर यायच्या, तीही इतकी हळू की सायकलवाले पुढं जायचे.

त्यांनी सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. सागर शेजारी बसला. मैदानात एक संथ चक्कर मारून गाडी फाटकाशी माझ्याजवळ थांबली आणि खिडकीची काच खाली आली.

"भाऊ, मागून काई आवाज येऊन राह्यला काय?"

मी नीट कान दिला. इंजिन घुमत होतं. दुसरं काही नव्हतं. "नाई ताई," मी म्हणालो, "काईच नाई."

त्यांनी मान हलवली, गिअर टाकला, आणि रस्त्याला लागताच गाडी अशी काही सोडली की सागरनं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. आर्वीच्या रस्त्यानं ते गेले. खिडकीतून बाहेर काढलेलं त्यांचं कोपर आणि निळ्या शर्टाची फडफडणारी बाही तेवढी वळणापर्यंत दिसत होती.